पन्नास रुग्णालयं, एक अभ्यास

अल्झायमरविषयी कुठेही व्याख्यान झालं की प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला असा: एखाद्या नामांकित संस्थेत उत्तम डॉक्टर आणि उत्तम यंत्रं एकत्र आणून हे संशोधन का करत नाहीत? पन्नास-शंभर ठिकाणी पसारा कशाला? दुसरा प्रश्न जरा चिडून येतो. संशोधनासाठी मिळालेल्या पैशातला एवढा वाटा समन्वयक, समित्या, बैठका आणि कागदपत्रांवर का जातो? तो औषध शोधण्यावर खर्च करायला नको का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की दुसरा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. त्यासाठी या प्रकरणात एकच अभ्यास मुख्यतः समोर ठेवू. त्याचं नाव ‘अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह’. आद्याक्षरं जोडून सगळे त्याला ‘ॲडनी’ म्हणतात. अमेरिका आणि कॅनडातल्या पन्नासहून अधिक केंद्रांत तो २००४ साली सुरू झाला आणि त्याचे पुढचे टप्पे आजही चालू आहेत.

१. एका रुग्णालयात का भागत नाही?

अल्झायमरची सुरुवात मेंदूत होते, तेव्हा घरच्यांना काहीच दिसत नसतं. नावं विसरणं, वाट चुकणं ही लक्षणं कितीतरी वर्षांनी येतात. म्हणून आजारी माणसं तपासून संशोधकांचं भागत नाही. निरोगी माणसं, किंचित विसरू लागलेली माणसं आणि आजार स्पष्ट झालेली माणसं अशा तिन्ही गटांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

ॲडनीच्या पहिल्या टप्प्यात ५५ ते ९० वयाची ८०० माणसं घ्यायचं ठरलं: २०० निरोगी, २०० सुरुवातीच्या अल्झायमरची आणि ४०० मधल्या गटातली. या मधल्या गटाला डॉक्टर ‘एमसीआय’ म्हणतात. स्मरण वयाच्या मानाने घसरलेलं असतं, पण माणूस रोजचे व्यवहार स्वतः सांभाळतो. यातल्या कुणाचा आजार पुढे सरकतो, किती वेगाने, आणि ते आधी कसं ओळखायचं, हा अभ्यासाचा गाभा.

आता हिशेब मांडू. ४०० माणसं ५० केंद्रांत वाटली, तर एका केंद्राच्या वाट्याला आठ येतात. एमसीआय असलेल्या शंभर जणांपैकी वर्षाला साधारण दहा ते पंधरा जणांना स्मृतिभ्रंश होतो. म्हणजे आठ जणांमागे वर्षाला एक. एका केंद्रातल्या डॉक्टरला वर्षभर राबून ज्या घटनेचा अभ्यास करायचा, ती एकदाच दिसते. एकावरून नियम निघत नाही. पन्नास केंद्रं मिळून वर्षाला पन्नास घटना दिसल्या, तर काहीतरी म्हणता येतं.

मग एकाच रुग्णालयाने चारशे माणसं का घेऊ नयेत? कारण त्यांना वर्षानुवर्षं ठरलेल्या दिवशी यायचं असतं. सत्तरी-ऐंशीचं माणूस, सोबत घरचं कुणीतरी, दिवसभराच्या तपासण्या. घराजवळ केंद्र नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माणसं गळतात. आणि गळतात ती बहुधा प्रकृती ढासळलेलीच. मागे उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष आजाराला आहे त्यापेक्षा सौम्य दाखवतो.

काही वेळा तर आजारच विरळ असतो. एखाद्या जनुकातल्या दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या, तरुण वयात होणारा अल्झायमर एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी आढळतो. अशी कुटुंबं देशोदेशी विखुरलेली आहेत. त्यांच्यासाठी अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ साली ‘डायन’ नावाचं आंतरराष्ट्रीय जाळं उभारलं. तिथे अनेक केंद्रांशिवाय अभ्यास शक्यच नव्हता.

२. मोजमाप सगळीकडे सारखं कसं ठेवायचं?

केंद्रं वाढली की माणसं वाढतात, आणि एक नवी अडचणही येते. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचा कारभार ज्याने पाहिला आहे, त्याला ती लगेच समजेल. शंभर गावांचं दूध एका संघाकडे जातं आणि पैसे फॅटवर ठरतात. एका गावचं फॅटचं यंत्र जास्त दाखवू लागलं, तर कागदोपत्री त्या गावच्या म्हशी सरस ठरतात. फरक यंत्रात असतो, नोंद म्हशीच्या नावावर होते. म्हणून संघ दूध गोळा करण्याइतकाच जीव यंत्रं तपासण्यात घालतो.

ॲडनीत दुधाच्या जागी मेंदूची छायाचित्रं होती. एमआरआय यंत्रं तीन वेगवेगळ्या कंपन्यांची, त्यातही निरनिराळी मॉडेल्स. अल्झायमरमध्ये स्मरणाशी संबंधित भाग वर्षागणिक थोडा थोडा आक्रसतो. ही घट इतकी लहान असते, की यंत्राने चित्र जरासं ताणलं तरी ती झाकली जाते किंवा खोटीच दिसते. मेयो क्लिनिकच्या क्लिफर्ड जॅक यांच्या गटाने यावर उपाय काढला. द्रवाने भरलेल्या दीडशेहून अधिक छोट्या गोळ्या आत बसवलेला एक नकली ‘मेंदू’ प्रत्येक केंद्राला दिला. पहिल्या टप्प्यात माणसाचा एमआरआय झाला की त्याच बैठकीत या नकली मेंदूचाही काढायचा, असा नियम होता. गोळ्यांची जागा आणि आकार पक्के माहीत असल्याने यंत्राने चित्र किती ताणलं, ते कळायचं आणि तेवढी दुरुस्ती करता यायची.

पेट स्कॅनची गोष्ट याहून मजेशीर आहे. मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो हे पेट दाखवतं. काही केंद्रांत नवी, फार बारीक तपशील टिपणारी यंत्रं होती, काही ठिकाणी जुनी. मग ठरलं, की सगळी चित्रं मुद्दाम ८ मिलिमीटरच्या एकाच पातळीपर्यंत धूसर करायची. उत्तम यंत्रांचा तपशील जाणूनबुजून सोडून दिला. लाखो डॉलरचं यंत्र घेतलेल्या केंद्राला हे सांगणं सोपं नाही, पण तुलना करायची तर दुसरा मार्ग नव्हता. आणि असा निर्णय कुठलंही केंद्र आपणहून घेत नाही. सगळ्यांच्या वतीने तो घेण्याचा अधिकार कुणाकडे तरी असावा लागतो.

साध्या वस्तूही यातून सुटत नाहीत. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात अमायलॉइड नावाचं प्रथिन मोजतात. ते काही प्रकारच्या नळ्यांच्या भिंतीला चिकटतं. तसं झालं तर द्रवात ते कमी भरतं, आणि कमी भरणं हीच तर अल्झायमरची खूण. चुकीच्या नळीमुळे निरोगी माणूस कागदावर आजारी ठरू शकतो. म्हणून नळी पॉलिप्रॉपिलीनचीच हवी, नमुना किती वेळात गोठवायचा, शुष्क बर्फात बांधून पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कसा पाठवायचा, हे सगळं लिहून काढलेलं होतं. मोजणी एकाच प्रयोगशाळेत व्हायची. अशा सूचनांचं जाड पुस्तक तयार करणं, प्रत्येक केंद्रातल्या माणसांकडून ते वाचून घेणं आणि सुधारणा झाली की जुनी प्रत बाजूला काढायला लावणं, हे प्रशासनाचं काम आहे.

३. अर्ध्या गुणाची किंमत

यंत्र तपासता येतं, पण माणसाच्या अंदाजाचं काय करायचं? स्मृतिभ्रंशात सर्वांत महत्त्वाचं मोजमाप मुलाखतीतूनच होतं. ‘सीडीआर’ ही पद्धत वॉशिंग्टन विद्यापीठातच १९८२च्या सुमारास तयार झाली. रुग्णाशी आणि त्याला जवळून ओळखणाऱ्याशी बोलून तपासनीस सहा बाबींना गुण देतो: स्मरण, स्थळकाळाचं भान, निर्णयशक्ती, समाजातला वावर, घरकाम आणि छंद, स्वतःची काळजी. प्रत्येक बाबीला शून्य ते तीन गुण. बेरीज अठरापर्यंत जाते, आणि जितके गुण जास्त तितका आजार पुढचा.

समजा, मुलगी सांगते, ‘बाबा दुकानात एकटे जातात, पण हल्ली सुटे पैसे मोजताना गोंधळतात.’ एक तपासनीस त्या बाबीला अर्धा गुण देईल, दुसरा एक. फरक अर्ध्याचा.

अर्धा गुण म्हणजे किती? लेकॅनेमॅब या औषधाच्या मोठ्या चाचणीत उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियातल्या २३५ केंद्रांत मिळून १,७९५ माणसं होती. अठरा महिन्यांनी औषध न मिळालेल्यांचे गुण सरासरी १.६६ ने वाढले, औषध मिळालेल्यांचे १.२१ ने. फरक ०.४५. वरच्या उदाहरणातल्या दोन तपासनिसांमधला फरक याहून जास्त आहे.

तपासनीस पहिल्यापासून कडक असेल तर फारसं बिघडत नाही, कारण तो औषध घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना सारखाच कडक असतो. बिघडतं ते तो मध्येच बदलला तर. पहिल्या वर्षी सौम्य तपासनीस, दुसऱ्या वर्षी त्याच्या जागी कडक. रुग्ण जसाच्या तसा, पण कागदावर तो खालावलेला. असे खोटे चढउतार जितके जास्त, तितका ०.४५ सारखा लहान पण खरा फरक त्या गोंधळात बुडतो. मग औषध चालत असूनही चालत नाही असा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून तपासनिसांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं, मुलाखती मधून मधून दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासल्या जातात, आणि शक्यतो त्याच रुग्णाला तोच तपासनीस ठेवतात. कुठल्या केंद्रातला तपासनीस नोकरी सोडतोय, त्याची जागा कोण घेणार, त्याचं प्रशिक्षण झालं का, याची यादी ठेवणारा माणूस म्हणूनच लागतो. त्याचा पगार हा मोजमापाचा खर्च आहे.

४. कोण काय ठरवतं?

ॲडनीचे प्रमुख संशोधक सॅन फ्रान्सिस्कोचे मायकेल वायनर. पण एवढा अभ्यास एका माणसाच्या हुकमाने चालत नाही. काम विभागांत वाटलं गेलं, आणि प्रत्येक विभाग त्या विषयात मुरलेल्या संस्थेकडे गेला. एमआरआय मेयो क्लिनिककडे, पेट बर्कलीच्या विल्यम जॅगस्ट यांच्याकडे, द्रवाच्या तपासण्या पेन्सिल्व्हेनियात लेस्ली शॉ आणि जॉन ट्रोजानोव्स्की यांच्याकडे, माहितीचा साठा लॉस एंजेलिसमध्ये आर्थर टोगा यांच्याकडे. केंद्रांवर देखरेख, संख्याशास्त्र, जनुकं, मृत्यूनंतरची मेंदू-तपासणी यांचे विभाग वेगळे. या सगळ्यांना बांधून ठेवणारा प्रशासकीय विभाग.

या रचनेत तीन पातळ्या ध्यानात ठेवल्या की पुरे. विभागप्रमुखांची कार्यकारी समिती चालू निर्णय घेते. सगळ्या केंद्रांचे प्रमुख आणि पैसा देणाऱ्या सरकारी संस्था यांची सुकाणू समिती मोठी दिशा ठरवते. आणि प्रत्येक केंद्रात एक समन्वयक असतो. घरच्यांना फोन करणं, गाडीची व्यवस्था, तपासण्यांच्या वेळा जुळवणं, नमुना बर्फात बांधणं, नोंदी भरणं हे तो करतो. प्रमुख संशोधकाचं नाव शोधनिबंधावर येतं, पण माणसं अभ्यासात टिकतात ती बहुतेकदा या समन्वयकामुळे.

प्रशासकीय विभाग दिवसभर काय करतो? प्रत्येक केंद्राशी करार, झालेल्या तपासण्यांच्या हिशेबाने पैसे, नैतिकता समितीच्या परवानग्या, मुदती. पूर्वी अमेरिकेत पन्नास केंद्रं म्हणजे पन्नास नैतिकता समित्या असत. एकीने संमतिपत्रातलं एक वाक्य बदलायला सांगितलं, की बाकीच्यांकडे पुन्हा फेरी. तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने जानेवारी २०१८ पासून, आपल्या पैशाने देशात चालणाऱ्या बहुकेंद्री अभ्यासांसाठी एकच समिती पुरेशी मानण्याचा नियम केला.

संमतीचा प्रश्न या आजारात जास्तच नाजूक आहे. सही करणाऱ्याला तिसऱ्या वर्षी आपण सही केल्याचं आठवेलच असं नाही. म्हणून ॲडनीत प्रत्येकासोबत त्याला चांगलं ओळखणारं एक माणूस नोंदवावं लागतं. रोजच्या वागण्याची माहितीही तेच देतं. ‘डायन’च्या औषध-चाचणीत तर आणखी पेच होता. घराण्यातला दोष आपल्यात आला आहे का, हे अनेकांना जाणून घ्यायचं नसतं. दोष असलेल्यांनाच घेतलं असतं, तर नुसत्या निवडीवरून गुपित फुटलं असतं. म्हणून दोष नसलेल्यांनाही घेतलं, पण त्यांना औषधाच्या जागी निष्क्रिय द्रव्यच दिलं. कोण कुठल्या गटात हे कुणाला कळायचं, कुणाला नाही, याची काटेकोर व्यवस्था नसती तर ती माणसं आलीच नसती.

५. पैसा कुणाचा, माहिती कुणाची?

ॲडनीचा पहिला टप्पा पाच वर्षांचा आणि सुमारे ६ कोटी डॉलरचा होता. मोठा भाग सरकारी, बाकीचा औषध कंपन्या आणि सेवाभावी संस्थांचा. कंपनीचा पैसा आला की शंका येणारच: निकाल आधी त्यांना दिसणार का? इथे दोन गोष्टी सुरुवातीलाच ठरवल्या गेल्या. कंपन्यांचा पैसा थेट संशोधकांकडे न येता सरकारी संशोधन संस्थेशी जोडलेल्या एका प्रतिष्ठानामार्फत यायचा. आणि माहिती गोळा होईल तशी, नावगाव काढून, जगातल्या कुठल्याही पात्र संशोधकाला मिळायची. आधी कंपन्यांनाही नाही, अभ्यासाच्या प्रमुखांनाही नाही.

हा नियम त्या काळी धाडसाचा होता. वर्षानुवर्षं माणसं तपासायची आणि त्या माहितीवरचा पहिला निबंध भलत्याच देशातल्या कुणीतरी लिहायचा, हे पचणं कठीण. ते पचलं, कारण नियम पहिल्या दिवशी, सगळ्यांना सारखा आणि लेखी होता. माहिती जमल्यावर ती वाटा असं सांगितलं असतं, तर पन्नास केंद्रांनी पन्नास कारणं दिली असती.

६. प्रमुख दुसरीकडे गेला तर?

असं न ठरवल्यास काय होतं, याचा धडा सॅन डिएगोत मिळाला. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९१ पासून अल्झायमरच्या औषध-चाचण्यांचं एक राष्ट्रीय समन्वय केंद्र होतं. पहिले संचालक लिऑन थाल २००७ साली विमान अपघातात गेले आणि पॉल आयसेन संचालक झाले. २०१५च्या उन्हाळ्यात तेही सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नव्या संस्थेत गेले. चालू अभ्यास, कर्मचारी आणि संगणकावरची माहिती कुणाच्या ताब्यात राहणार यावरून वाद पेटला आणि जुन्या विद्यापीठाने दावा लावला. माहिती भाड्याच्या संगणक-साठ्यात होती, आणि त्याच्या किल्ल्या कुणाकडे हा कळीचा मुद्दा बनला. न्यायालयाने ताबा जुन्या विद्यापीठाकडे देण्याचा आदेश दिला. तरीही काही मोठी कामं नव्या संस्थेकडे वळली. अखेर २०१९ मध्ये तडजोड झाली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने ५ कोटी डॉलर दिले आणि जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

सरकारी अनुदान कागदोपत्री संस्थेला मिळतं, शास्त्रज्ञाला नव्हे. पण केंद्रं, कंपन्या आणि कर्मचारी यांचा विश्वास माणसावर असतो. या दोन गोष्टी एकत्र आहेत तोवर काही अडत नाही. त्या वेगळ्या झाल्या तर काय, याची तरतूद करारात असावी लागते: माहितीच्या किल्ल्या किमान दोघांकडे, उपप्रमुखाचं नाव ठरलेलं, अभ्यास दुसरीकडे न्यायचा तर कुणाची संमती. रुग्णांनी दिलेली वर्षं दोन विद्यापीठांच्या भांडणात अडकू नयेत, एवढंच त्यामागचं कारण.

७. केंद्रं कुठे ठेवायची?

ॲडनीची बहुतेक केंद्रं विद्यापीठांशी जोडलेली होती. परिणामी पहिल्या टप्प्यात आलेल्यांत ९० टक्क्यांहून अधिक गोरे होते आणि शिक्षणाची सरासरी पदवीच्या आसपास. नियम उत्तम पाळले गेले, पण ते कुणावर पाळले गेले हे केंद्रांच्या पत्त्यांनी ठरवलं. २०२२ मध्ये चौथा टप्पा सुरू करताना नव्याने येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसं आजवर वगळल्या गेलेल्या समाजांतली असावीत, असं उद्दिष्ट ठेवलं गेलं.

भारतात सुरुवातच वेगळी झाली. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या ‘लासी’ या सर्वेक्षणात ४५ वर्षांवरच्या सत्तर हजारांहून अधिक भारतीयांची घरोघरी जाऊन पाहणी झाली. त्यातूनच साठीपुढच्या ४,०९६ जणांची स्मृतिभ्रंशासाठी सविस्तर तपासणी झाली. २०१७ ते २०२० या काळात, दिल्लीच्या एम्सच्या नेतृत्वाखाली, १८ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत. रुग्णालयात आपणहून आलेले लोक न घेता लोकसंख्येतून निवडलेले घेतल्यामुळे देशाचा अंदाज करता आला: साठीपुढच्यांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं.

इथे यंत्रांपेक्षा भाषा आणि शाळा या मोठ्या अडचणी होत्या. जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचणीत एक वाक्य लिहायला सांगतात. कधी शाळेत न गेलेल्या आजीला ते जमलं नाही, तर त्यावरून तिच्या मेंदूविषयी काहीच कळत नाही. म्हणून अशा माणसांना जमतील असे प्रश्न घेतले, उदाहरणार्थ आठवड्याचे वार उलटे म्हणणं. ते अनेक भाषांत असे बेतायचे, की कुठल्याच भाषेत सोपे किंवा अवघड होऊ नयेत. निदानाची पद्धतही केंद्रांवर सोडली नाही. अडीच हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी ऑनलाइन ठेवल्या, निरनिराळ्या शहरांतल्या डॉक्टरांनी त्यांना स्वतंत्रपणे सीडीआरचे गुण दिले, आणि मतं जुळली नाहीत तिथे चर्चा केली. एखाद्या राज्यातला डॉक्टर कडक आहे म्हणून त्या राज्यात आजार जास्त, असं होऊ नये यासाठी हा खटाटोप.

या चाचण्यांचा मूळ आराखडा मिशिगन विद्यापीठाच्या सर्वेक्षणातून आला आहे, आणि इंग्लंड, मेक्सिको इथेही तोच वापरला जातो. त्यामुळे भारतातल्या खेड्यातली निरक्षर शेतकरीण आणि अमेरिकेतला निवृत्त शिक्षक यांची तुलना आता करता येते. शाळेत न जाण्याचा स्मृतिभ्रंशाशी किती संबंध आहे, हा प्रश्न जिथे जवळजवळ सगळेच शिकलेले आहेत अशा देशात नीट तपासताच येत नाही. तो भारतात तपासता येतो, कारण कुठला प्रश्न कुठल्या शब्दांत विचारायचा यावर अनेक शहरांतली माणसं काम सुरू होण्याआधी वाद घालत बसली होती. त्या बैठकांचं बिलही प्रशासनाच्याच खात्यात पडलं.